भाड्याचे घर : ग्लासगोच्या गृहिणींचा १९१५ चा लढा



'भाड्याचे घर आणि खाली कर' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. म्हण लहान असली तरी भाडेकरूच्या आयुष्याचे सारे सार तिच्यात आलेले आहे. आपण एखाद्या घरात वीस वर्षे राहिलो, तेथे मुलांची बारशी केली, मुलींची लग्ने केली, घरातली वडील माणसे तेथूनच शेवटच्या प्रवासाला गेली, तरी मालकाने 'खाली कर' म्हटले की बोलणे खुंटले. ज्या अर्थी ह्या गोष्टीची म्हण झाली, त्या अर्थी लोकांनी ती ऊनपावसासारखी गृहीत धरली होती हे उघड आहे. उन्हाविरुद्ध फिर्याद करता येत नाही, तशी मालकाविरुद्धही करता येत नाही, असा त्यात भाव आहे.

आज ही म्हण पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. ठरल्याप्रमाणे भाडे देणाऱ्या माणसाला मालकाने आपल्या लहरीखातर रस्त्यावर काढू नये व टंचाईचा फायदा घेऊन भाडे वाटेल तसे वाढवू नये, ही तत्त्वे कायद्यात आलेली आहेत. ती आली कोठून, ह्याचा विचार आपण सहसा करीत नाही. कोणा दयाळू राजाने किंवा विद्वान न्यायशास्त्र्याने ती प्रथम मांडली असावीत, असा आपला समज असतो. परंतु ब्रिटनमध्ये, व ब्रिटनच्या मागोमाग आपल्या मुंबईत, ह्या कायद्याचा उगम शोधू लागलो म्हणजे आपण एका दगडी इमारतीच्या अंधाऱ्या जिन्यावर येऊन पोचतो. तेथे एक बाई हातात घंटा घेऊन बसलेली आहे. ती कोण व तेथे का बसली, हे आज सांगावयाचे आहे. आणि ते सांगून झाल्यावर, तिच्या लढ्याचा अर्धाच धडा मुंबईने कसा घेतला, हेही पाहावयाचे आहे.

ग्लासगो हे स्कॉटलंडमधील सर्वांत मोठे शहर. क्लाइड नदीच्या काठी ते वसलेले आहे. एकोणिसाव्या शतकात जहाजबांधणी आणि इंजिनांचे कारखाने ह्यांमुळे ते झपाट्याने वाढले. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातून आणि समुद्रापलीकडच्या आयर्लंडमधून माणसे पोट भरण्यासाठी तेथे आली. १९१२ साली गव्हन आणि पार्टिक ही नदीकाठची, गोद्यांची गावे शहराच्या हद्दीत सामील झाली, तेव्हा लोकसंख्या दहा लाखांच्या वर गेली. ही माणसे राहत होती कशी? तीनचार मजली दगडी इमारती, खाली एक अरुंद बोळ, त्यातून वर जाणारा सर्वांचा मिळून एक जिना, आणि प्रत्येक मजल्यावर तीनचार बिऱ्हाडे. पुष्कळ ठिकाणी शौचकूप जिन्याच्या वळणावर, तोही सामाईक. मागच्या अंगणात कपडे धुण्याची एक खोली, तीही पाळीपाळीने वापरावयाची. एकाच खोलीत चूल, भिंतीच्या कोनाड्यात बसवलेला पलंग, आणि उरलेल्या जागेत संसार. १९११ च्या शिरगणतीत ह्या शहरातील शेकडा साठांहून अधिक माणसे एका किंवा दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहत असल्याचे आढळले. गिरगावच्या किंवा लालबागच्या चाळीत वाढलेल्या माणसाला हे चित्र मुळीच परके वाटणार नाही. फरक इतकाच की, आपल्याकडे शेजार जमतो तो गॅलरीत आणि तेथे तो जमत असे जिन्यावर. ही जिन्याची गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

ह्या इमारतींचे मालक सगळेच गडगंज होते असे नाही. दुकानदार, निवृत्त कारागीर, विधवा बायका अशांनी आयुष्यभराची पुंजी इमारतीत घातलेली असे आणि उरलेली रक्कम कर्जाने उभी केलेली असे. भाडे वसूल करण्याचे व भाडेकरू ठेवण्याकाढण्याचे काम मालक स्वतः करीत नसत. त्यासाठी एक कारभारी असे, त्याला तेथे 'फॅक्टर' म्हणत. भाडेकरूच्या दृष्टीने मालक म्हणजे हा फॅक्टरच. पूर्वी तेथे घरे वर्षाच्या कराराने दिली जात. नोकरी आज आहे, उद्या नाही, अशा मजुराला वर्षाचे बंधन जाचक वाटे, म्हणून १९११ च्या एका कायद्याने लहान घरे महिन्याच्या कराराने देण्याची सोय झाली. सोय मजुरांना हवी होती. परंतु तिची दुसरी बाजू अशी निघाली की, महिन्याच्या भाडेकरूला बाहेर काढणेही तितकेच सोपे झाले.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले. त्यापूर्वी तीन वर्षे ग्लासगोत दहा घरांमागे सुमारे एक घर रिकामे होते. युद्ध सुरू होताच जहाजे, तोफा आणि तोफगोळे ह्यांची मागणी बेसुमार वाढली. कामासाठी बाहेरगावाहून हजारो माणसे गव्हन आणि पार्टिकच्या वस्त्यांत येऊन दाखल झाली. रिकामी घरे भरून गेली. इकडे नवे बांधकाम ठप्प, कारण माणसे, सामान आणि पैसा सारे युद्धाकडे चाललेले. एका घरामागे चार गिऱ्हाइके उभी राहिली म्हणजे जे होते तेच झाले. फॅक्टरांनी भाडी वाढवली. काही ठिकाणी ही वाढ शेकडा पंचविसापर्यंत गेली. जो देणार नाही त्याला घर सोडण्याची नोटीस.

मालकांचीही एक बाजू होती, ती सांगितली पाहिजे. कर्जावरचे व्याज वाढले होते, दुरुस्तीचा खर्च वाढला होता. परंतु ज्या बाईचा नवरा फ्रान्समधल्या खंदकात बसलेला आहे व जिच्या हाती सरकारी भत्त्याचे मोजके पैसे पडतात, तिला हा हिशेब कोणत्या तोंडाने समजावून सांगावयाचा? १९१५ च्या उन्हाळ्यात शहराच्या पूर्वेकडील शेटलस्टन भागात एका सैनिकाच्या बिऱ्हाडावर घर खाली करण्याचा हुकूम आला, तेव्हा सगळी वस्ती रस्त्यावर उतरली आणि लोकांनी फॅक्टरचा पुतळा जाळला. राष्ट्रासाठी लढावयास गेलेल्या माणसाची बायकामुले त्याच राष्ट्राचा कायदा रस्त्यावर काढतो, ही गोष्ट राजकारणाशी कधी संबंध न आलेल्या माणसालाही सहन होण्यासारखी नव्हती.

आता आपण त्या जिन्यावरच्या बाईकडे येऊ. १९१४ सालीच ग्लासगोत स्त्रियांची एक गृहनिर्माण संघटना स्थापन झाली होती. स्वतंत्र मजूर पक्षाचे अँड्र्यू मॅकब्राइड ह्यांच्यासारखे कार्यकर्ते घरांचा प्रश्न काही वर्षे लावून धरीत होते. त्यांचे पाठबळ तिला होते. मेरी लेअर्ड, हेलन क्रॉफर्ड, अ‍ॅग्नेस डोलन ह्या तिच्यातील पुढारी स्त्रिया. परंतु लोकांच्या तोंडी जिचे नाव राहिले ती मेरी बार्बर. १८७५ साली एका गालिचे विणणाऱ्याच्या घरी तिचा जन्म झाला. ती स्वतः गालिच्याच्या कारखान्यात काम करून आलेली. नवरा जहाजाच्या गोदीत इंजिनकामगार, बिऱ्हाड गव्हनमध्ये. घरकाम सांभाळून तिने इमारती-इमारतींतून समित्या उभारल्या. स्वयंपाकघरात सभा भरत, मागच्या अंगणात सभा भरत.

ह्या बायकांनी ठरवलेली रीत अगदी साधी होती. जुने भाडे द्यावयाचे; वाढ द्यावयाची नाही; आणि घर सोडावयाचे नाही. खिडक्याखिडक्यांतून तशा पाट्या लागल्या. 'आम्ही भाडे बुडवे नाही, आम्ही वाढ नाकारतो आहोत,' हा त्यांच्या भूमिकेचा कणा होता, आणि त्यामुळेच शहरातील मध्यमवर्गाची सहानुभूती त्यांना मिळाली.

नोटिशीची मुदत संपली की कोर्टाचा बेलिफ येणार. तो दिवसा येणार, कारण पुरुष त्या वेळी गोदीत असतात. परंतु बायका घरी असतात, हे तो विसरला. प्रत्येक जिन्यावर एक बाई पहाऱ्याला बसे. बेलिफ बोळात दिसला की ती घंटा वाजवी. घंटेचा आवाज ऐकताच कोणी पीठ मळता मळता, कोणी कपडे धुता धुता, होती तशी जिन्यावर येई. अरुंद जिना बायकांनी भरून गेला म्हणजे वर जावयाचे कसे? त्यातून वरून पिठाच्या पुड्या आणि ओले कपडे ह्यांचा मारा. पांढरा झालेला बेलिफ हुकूमनामा खिशात घालून परत जाई. हसू येण्यासारखाच हा देखावा आहे. परंतु हसता हसता एक गोष्ट ध्यानात घ्यावी की, त्या प्रत्येक बाईला आपले बिऱ्हाड उद्या फूटपाथवर दिसत होते.

त्या काळच्या आठवणींतून सांगितला जाणारा एक प्रसंग आहे. एका बाईला फॅक्टरने सांगितले की, 'तुझ्या शेजारणींनी वाढ भरली, तू एकटीच राहिलीस.' बिचारीने भिऊन पैसे भरले. नंतर कळले की, कोणीच भरले नव्हते. मेरी बार्बरने गोदीतल्या कामगारांना बोलावले आणि सारा जमाव घेऊन ती फॅक्टरच्या कचेरीत गेली. फॅक्टरने खिडकीतून खाली पाहिले आणि पैसे परत केले. एकेकट्याला गाठून भीती घालावयाची हे फॅक्टरचे खरे हत्यार होते. जिन्यावरच्या घंटेने ते बोथट केले, कारण त्या घंटेनंतर एकटे असे कोणी राहिलेच नाही.

शरद ऋतूपर्यंत ही चळवळ गव्हनमधून पार्टिक, शेटलस्टन आणि इतर भागांत पसरली. नोव्हेंबरच्या सुमारास सुमारे २०,००० भाडेकरू तिच्यात सामील होते. मोर्च्यांतून लहान मुले पाट्या घेऊन चालत. आमचे बाप जर्मनीतल्या प्रशियनांशी लढताहेत आणि आम्ही येथल्या प्रशियनांशी लढतो आहोत, अशा अर्थाचा मजकूर त्यांवर असे. सरकारने ऑक्टोबरमध्ये लॉर्ड हंटर ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक चौकशी समिती नेमली. चौकशी समिती नेमली म्हणजे प्रश्न थंड होतो, हा अनुभव सर्व देशांतील सरकारांना असतो. ह्या वेळी तो थंड झाला नाही.

घरे रिकामी करून घेता येत नाहीत असे दिसताच पार्टिकमधील एका फॅक्टरने दुसरी युक्ती काढली. त्याने अठरा भाडेकरूंवर लघुवाद न्यायालयात दावा लावला. बेत असा की, कोर्टाचा निकाल मिळाला म्हणजे वाढीची रक्कम कामगारांच्या पगारातूनच कापून घेता येईल. मग जिना आणि घंटा काय करणार? परंतु हे भाडेकरू तोफा-जहाजांच्या कारखान्यांतले कामगार होते. पगाराला हात लागताच चळवळ घरातून कारखान्यात गेली. १७ नोव्हेंबर १९१५ ह्या दिवशी गोद्या आणि कारखाने सोडून हजारो कामगार बायकांच्या मोर्च्यात मिसळून न्यायालयावर आले. वाटेत एका शाळेतून जॉन मॅकलीन ह्या शिक्षकाला बरोबर घेण्यात आले. युद्धविरोधी भाषणांबद्दल त्याची नोकरी जाण्याच्या बेतातच होती. न्यायालयाबाहेर रस्ते भरून गेले. कामगारांनी स्पष्ट सांगितले की, ह्या लोकांविरुद्ध निकाल लागला तर उद्यापासून काम बंद. न्यायाधीशाने, ज्याला तेथे शेरीफ म्हणतात, थेट लंडनला युद्धसाहित्यखात्याचे मंत्री लॉइड जॉर्ज ह्यांना दूरध्वनी केला आणि 'खटला थांबवा, कायदा येतो आहे' असे उत्तर मिळाले, अशी हकीकत त्या दिवसाच्या आठवणींत लिहिलेली आहे. खटला थांबला, हे निश्चित. आठवडाभराच्या आसपास पार्लमेंटात विधेयक आले आणि डिसेंबर संपण्यापूर्वी त्याचा कायदा झाला.

ह्या कायद्याचे नाव 'भाडे आणि गहाणव्याजवाढ (युद्धकालीन निर्बंध) कायदा, १९१५'. लहान घरांचे भाडे युद्धाच्या आदल्या दिवशी, म्हणजे ३ ऑगस्ट १९१४ रोजी, जे होते तेथे त्याने गोठवले. ते भाडे देत राहणाऱ्याला घराबाहेर काढण्यावर बंधने घातली. आणि मालकावर अन्याय होऊ नये म्हणून त्याच्या डोक्यावरील गहाणाचे व्याजही गोठवले. ही शेवटची गोष्ट विशेष आहे. भाडे थांबवावयाचे आणि मालकाचा खर्च वाढू द्यावयाचा, हे चालणार नाही, एवढे शहाणपण त्या घाईतही दाखवण्यात आले.

कोणी म्हणेल, सरकारला दया आली. इतिहास तसे सांगत नाही. बेघर होण्याची वेळ गरिबांवर पूर्वीही अनेकदा आली होती; तेव्हा पार्लमेंट आठवड्यात हलले नव्हते. ह्या वेळी तोफगोळ्यांचा पुरवठा थांबण्याची भीती होती, म्हणून ते हलले. परंतु एवढेच म्हणून थांबणेही बरोबर नाही. कामगारांनी संपाचा धाक घातला तो शेवटच्या दिवशी. त्याआधी सहा महिने जिने कोणी धरून ठेवले? ते बायकांनी धरून ठेवले नसते, तर नोव्हेंबरात वाचवण्यासारखे काही उरलेच नसते.

कायदा युद्ध संपेपर्यंत आणि त्यानंतर सहा महिने एवढ्यापुरताच होता. युद्ध १९१८ च्या नोव्हेंबरात थांबले. घरांची टंचाई थांबली नाही. कायद्याची मुदत वाढली, मग नवे कायदे आले, भाडी थोडी थोडी वाढवू देण्यात आली, पुन्हा आवळण्यात आली, आणि ब्रिटनमधील खाजगी भाड्यांवरचे नियंत्रण नव्या करारांपुरते अखेर १९८८ च्या कायद्याने उठले. तात्पुरता म्हणून आलेला कायदा कोणत्या ना कोणत्या रूपाने सत्तर वर्षांहून अधिक टिकला.

परंतु ग्लासगोच्या लढ्याचे दुसरे फळ मला अधिक मोलाचे वाटते. भाडे गोठवल्याने असलेल्याला घरात राहता येते. नसलेल्याला घर मिळत नाही. उलट, भाडे वाढत नाही म्हटल्यावर भाड्यासाठी नवे घर बांधावयास खाजगी माणूस सहसा पुढे येत नाही. मग ते बांधावयाचे कोणी? हा प्रश्न तेथल्या लोकांनी लगेच विचारला. १९१९ च्या कायद्याने नगरपालिकांनी सरकारी साहाय्याने घरे बांधावी असे ठरले. मेरी बार्बर १९२० साली ग्लासगोच्या नगरसभेत निवडून आली आणि मुलांना दूध, धुलाईघरे, स्नानगृहे अशा विषयांवर तेथे झगडत राहिली. भाडेवाढीविरुद्धच्या चळवळीत भाग घेतलेले ग्लासगोचे जॉन व्हीटली १९२४ साली ब्रिटनच्या पहिल्या मजूर सरकारात मंत्री झाले. त्यांचे सरकार वर्षभरही टिकले नाही, परंतु त्यांनी केलेला गृहनिर्माणाचा कायदा टिकला आणि त्याखाली पुढील दहा वर्षांत सुमारे पाच लाख घरे उठली. एका हाताने भाडे धरले आणि दुसऱ्या हाताने घर बांधले, असा हा व्यवहार होता.

आता मुंबईकडे वळू. येथे ओढूनताणून संबंध जोडण्याचे कारण नाही, कारण संबंध कायद्याच्या नावातच आहे. १९१८ साली मुंबई सरकारने भाड्यांविषयी जो पहिला कायदा केला, त्याच्या नावापुढेही 'युद्धकालीन निर्बंध' हेच शब्द होते. त्यापूर्वीच मुंबईच्या गरिबाने घर जाण्याचा अनुभव भरपूर घेतला होता. १८९६ साली प्लेग आला; १८९८ साली शहरसुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले. परंतु पाडलेल्या घरांतली माणसे पुष्कळदा शेजारच्या आधीच भरलेल्या चाळींतच जाऊन कोंबली गेली. पुढे युद्धात गिरण्यांची भरभराट झाली, माणसे वाढली, भाडी चढली, आणि ग्लासगोचाच उपाय येथे आला. दोन युद्धांच्या मधल्या काळात सरकारने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे विकासखात्याच्या, म्हणजे बीडीडीच्या, २०७ चाळी बांधल्या. पण एवढ्या मोठ्या शहराच्या मानाने ते काम अपुरे होते.

दुसऱ्या महायुद्धात तेच चक्र पुन्हा फिरले आणि १९४७ साली मुंबईचा प्रसिद्ध भाडेनियंत्रण कायदा झाला. त्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधले. फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या लोंढ्यात आणि टंचाईत ह्या कायद्याने लक्षावधी कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर राखले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. गिरणगावातील कामगार आणि गिरगावातील कारकून शहराच्या मध्यात टिकून राहिला तो ह्या कायद्यामुळे. परंतु हाही तात्पुरता म्हणून केलेला कायदा. त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि १९४० चे भाडे मात्र जवळजवळ जागच्या जागी राहिले. त्या भाड्यात इमारतीचा जिनाही दुरुस्त होईना. मालकाने हात काढून घेतला. उघड भाडे वाढवता येत नाही म्हणून पागडीचा गुप्त व्यवहार बोकाळला. पावसाळ्यात जुन्या इमारती कोसळू लागल्या, माणसे दगावू लागली, तेव्हा १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. त्याच्या कक्षेत १९,६४२ इमारती आल्या. मालकाने करावयाची दुरुस्ती उपकराच्या पैशातून सरकारने करावी, अशी ही व्यवस्था. अखेर १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने १९४० चे भाडे कायमचे गोठवून ठेवणे आता न्याय्य राहिलेले नाही असे सांगितले, आणि नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात भाडे दर वर्षी शेकडा चार वाढवण्याची मुभा आहे.

दोष कोणाचा? मालक म्हणतात कायद्याचा. भाडेकरू म्हणतात मालकाचा. मला वाटते, दोघेही अर्ध्याच गोष्टीकडे बोट दाखवतात. भाडे गोठवणे म्हणजे पुराच्या पाण्याला बांध घालणे होय. बांध आवश्यक आहे. तो नसेल तर गरीब वाहून जातो. परंतु बांधामागे कालवे खणले नाहीत तर पाणी तेथेच कुजते. मुंबईने बांध घातला आणि कालवा खणण्याचे काम पुढच्या पिढीवर सोपवले. घरात असलेल्याच्या दाराला कायद्याने आतून कडी लावून दिली. बाहेर, स्टेशनावर नुकताच उतरलेल्या माणसासाठी दार कोठे आहे, हे कोणी सांगितले नाही. त्याने झोपडी उभारली, आणि मग ती पाडावयास दुसरा बेलिफ आला.

२०२२ साली महागाईच्या लाटेत स्कॉटलंडच्या पार्लमेंटाने पुन्हा एकदा तात्पुरता कायदा करून भाडेवाढ थांबवली आणि भाडेकरूंना घराबाहेर काढण्यावर निर्बंध घातले. त्याची भाडेवाढीवरची मर्यादा १९१५ प्रमाणे लांबत गेली नाही. ती मार्च २०२४ अखेर संपली. संकट आले की ग्लासगोला आपला जुना उपाय अजून आठवतो, एवढे मात्र खरे. गव्हनमध्ये २०१८ साली मेरी बार्बरचा पुतळा उभा राहिला. पुतळ्यात ती एकटी नाही. ती पुढे चालते आहे आणि तिच्यामागे बायामाणसांची रांग आहे.

मुंबईच्या लघुवाद न्यायालयात आजही घरमालक आणि भाडेकरू ह्यांचे दावे चालतात. कित्येक दावे बापाने सुरू केले आणि मुलगा चालवतो आहे. त्या कज्ज्यांत आपण कोणत्या बाजूला आहोत ह्याचा विचार प्रत्येक जण करतोच. पण जुन्या म्हणीतले 'खाली कर' हे शब्द ज्याच्या कानी उद्या पडणार आहेत, त्याच्यासाठी जिन्यावर कोण बसणार आणि त्याच्यासाठी घर कोण बांधणार, हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारावयास ग्लासगोच्या त्या गृहिणी शिकवतात. त्यांतला पहिला विचारून आपण थांबलो. दुसरा अजून विचारावयाचा आहे.